पाकीटमार, पात्र आणि परिशिष्ट-दोन

सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण करणाऱ्याला बदल्यात फुकट जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देण्यासारखं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २००० रोजी एका निकालात म्हटलं. झोपडपट्टीवासीयांना घर द्यावं की नाही, यावर मुंबईत कुठेही वाद सुरू झाला की थोड्याच वेळात हे वाक्य येतं. चहाच्या टेबलावर येतं, सोसायटीच्या वार्षिक सभेत येतं, आणि म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं की ते न्यायालयाचं आहे.

ज्या खटल्यात हे वाक्य आलं तो घरांचा नव्हताच. कचऱ्याचा होता. शहरांमधला घनकचरा धड उचलला जात नाही, त्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लागत नाही, म्हणून अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली याचिका दाखल केली होती. दिल्ली इतकी घाण का, याची चर्चा करता करता न्यायमूर्ती किरपाल यांचा निकाल झोपड्यांवर आला आणि कचऱ्याच्या फायलीतून गरिबांच्या घरांवरचं आपल्याकडचं बहुधा सर्वात गाजलेलं वचन बाहेर पडलं. झोपडीवाल्यांची बाजू मांडायला त्या खटल्यात कोण होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो.

मुंबईतल्या सरकारी घरांच्या इतिहासाचा मला जुना नाद आहे. त्यात रस इमारतींपेक्षा याद्यांमध्ये. घर कोणाला मिळालं यापेक्षा कोणाला का मिळालं नाही, हे जास्त बोलकं असतं.

सुरुवातीचा इतिहास वाचकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १८९६ ची प्लेगची साथ, मग १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. ट्रस्टने गलिच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी फारच कमी बांधल्या. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांची आज कोणाला आठवण नाही. हा आयसीएस अधिकारी उजेडाने झपाटलेला होता. १९१२ साली त्याने मुंबईच्या घरांमधल्या उजेड-वाऱ्यावर सविस्तर व्याख्यान दिलं आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. तळमजल्याच्या खोलीतून त्या कोनात वर पाहिलं तर मधे समोरची इमारत येता कामा नये. सोप्या हिशेबात, इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी हवी. ऑरसाहेब पुन्हा भेटतील.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा घाट घातला. कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसला, आणि बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे आपल्या बीडीडीने, चाळी उभारल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तीन मजली चाळ, ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गिरण्यांच्या मुंबईत माणसं खोल्यांमध्ये पाळीपाळीने झोपत होती, आणि वरळीच्या या नव्या खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या पडून राहिल्या. भाडं परवडेना, गिरणी लांब, आसपास बाजार नाही. ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांनी त्या नाकारल्या. पुढे सविनय कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. गरीब माणूस फुकटाला हपापलेला असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या रिकाम्या खोल्यांवर जरा विचार करावा.

आता मूळ मुद्द्याकडे. पाकीटमाराच्या वाक्याचं उत्तर याच सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षं आधी देऊन ठेवलं आहे, आणि ते मुंबईच्या खटल्यात आहे.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना उठवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवलं जाईल. जुलै महिना, भर पाऊस. लोक न्यायालयात गेले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यातला सिद्धांत पाठ असतो: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. १० जुलै १९८५ चा तो निकाल, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. सिद्धांतापाशी थांबून पुढे जाण्याची पद्धत आहे. मी सुरुवातीची पानं वाचली, जिथे याचिका करणाऱ्यांची माहिती आहे, आणि तिथेच अडकलो.

एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा. भूमिहीन मजूर. दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ साली मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोजंदारीवर लागला, दिवसाला २३ रुपये. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २५०० रुपये उकळले. बायको आणि तीन मुली. मोठी सोळा वर्षांची, धाकटी पाच. २३ जुलै १९८१ रोजी महापालिकेने ते घर पाडलं आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो परत आला आणि पुन्हा एका फुटपाथवर राहायला लागला.

दुसरा आपल्याकडचा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावातलं घर पडलं. १९६९ साली मुंबईत आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवण्यासाठी तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकचे ७०० रुपये वेगळे.

हे आकडे नुसते वाचून सोडवेनात, म्हणून हिशेब मांडला. संगमनेरच्या माणसाने फुटपाथच्या एका तुकड्यासाठी जवळजवळ तीन महिन्यांचा पगार मोजला. सेलमच्या माणसाने शंभरहून अधिक दिवसांची मजुरी. एवढ्या पैशांत त्यांना ना पावती मिळाली ना भिंत. आज नोकरदार माणूसही फ्लॅट बुक करताना डिपॉझिट भरतो, फरक इतकाच की त्याला बदल्यात कागद मिळतो. पाकीट मारलं गेलं हे खरंच. पण ते कोणाचं, हे न्यायालयाच्या कागदावरच लिहिलेलं आहे.

त्या घटनापीठाला हे कळलं होतं. अतिक्रमण ही या लोकांची खुशीने केलेली निवड नाही, परिस्थितीने त्यांच्यावर लादलेली गोष्ट आहे, त्यात गुन्हा करण्याचा हेतू नाही, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. आणि तरीही घरं पाडायला परवानगी दिली. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, थांबा एवढंच. मन गरिबांकडे आणि हुकूम पालिकेकडे. मराठी न्यायमूर्तींच्या या निकालाचा आपण अभिमान बाळगतो, बाळगावाही, पण संगमनेरच्या माणसाच्या हाती काय पडलं हे विचारायला विसरतो.

पर्यायी जागा कोणाला द्यावी, याचं उत्तरही त्या निकालात आहे: १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली, ज्यांना कार्ड मिळालं, त्यांना. इथे मुंबईच्या गृहनीतीची गुरुकिल्ली सापडते. आणीबाणीत, जानेवारी १९७६ मध्ये सरकारने झोपड्या मोजल्या, त्यांच्यावर नंबर टाकले आणि फोटोपास दिले. त्या दिवसापासून गरज किती हा प्रश्न मागे पडला आणि कधीपासून राहता हा पुढे आला. संगमनेरचा माणूस १९६९ साली आला, म्हणजे १९७६ च्या आधी. पण आधी येणं पुरेसं नव्हतं, तसा कागद हाती असावा लागत होता.

मग तारखा सरकत गेल्या. निवडणूक आली की तारीख पुढे. १९९५ साली युतीने चाळीस लाख लोकांना फुकट घरं देण्याचं वचन दिलं, अफझुलपूरकर समितीने योजना आखली, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण म्हणजे एसआरए आलं, आणि १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली. पुढे १ जानेवारी २०००. नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. ३१ डिसेंबर १९९४ ला झोपडी बांधणारा लाभार्थी आणि महिन्याभराने बांधणारा घुसखोर, यामागचा नैतिक सिद्धांत मला आजवर कोणी समजावलेला नाही. धारावीत तर तारखेच्या रेघेला मजल्याची रेघही जोडली गेली: तळमजल्यावर २००० आधीपासून राहणारा धारावीतच ३५० चौरस फुटांना पात्र, त्याच झोपडीच्या माळ्यावर राहणारा धारावीबाहेर आणि तेही भाड्याने.

या सगळ्याचं प्रत्यक्ष रूप म्हणजे परिशिष्ट-दोन. एसआरएची योजना लागलेल्या वस्तीत हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. सक्षम प्राधिकारी कागद तपासतो आणि यादी लावतो. झोपडी क्रमांक, नाव, क्षेत्रफळ, निवासी की अनिवासी, पुरावा काय. मतदार यादीतलं नाव, वीजबिल, सर्व्हेची पावती. शेवटच्या रकान्यात निकाल: पात्र, अपात्र किंवा अनिर्णित. त्या रकान्यासमोर बोट ठेवून उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. मतदार यादीत आडनावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून, वीजमीटर शेजाऱ्याच्या नावावर म्हणून, त्या वर्षी बाळंतपणाला गावी होती म्हणून अपात्र. गरीब कुटुंब ज्या गोष्टी हमखास सांभाळू शकत नाही, नेमक्या त्यांच्यावर त्याची लायकी ठरते.

आणि पात्र ठरून मिळतं काय? रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेली हजारो कुटुंबं मानखुर्द-गोवंडीकडे गेली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. नटवर पारेखमध्ये सात मजली इमारती, २२५ चौरस फुटांची घरं, आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. २०१८ साली डॉक्टरांच्या एका संस्थेने या वसाहतींचा अभ्यास केला तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या अंधाऱ्या, कोंदट घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध समोर आला. ऑरसाहेबांचा नियम लावला तर सात मजल्यांपुढे दहा मीटर तरी मोकळे हवेत. शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतवादी अधिकाऱ्याला जे कळलं ते स्वतंत्र राज्याने लिहून-वाचून मोडलं, कारण राहणारे फुकटात आले होते.

त्यातली काही कुटुंबं घर विकतात आणि झोपडपट्टीत परततात. हे सांगताना सुशिक्षित माणसाच्या चेहऱ्यावर विजय दिसतो. अहो, जिचं काम दादरला आणि घर मानखुर्दला, लिफ्ट बंद, मेंटेनन्स थकलेला, ती बाई काय करेल? आपण पार्ल्याचा फ्लॅट विकून ठाण्याला मोठा घेतला की ती गुंतवणूक.

आणि आपण कोण मोठे फुकटाच्या विरोधात? १९४७ च्या भाडे कायद्याने गोठलेल्या भाड्यात दक्षिण मुंबईतल्या तीन पिढ्या राहिल्या. म्हाडाच्या सोडतीत खासदार-आमदारांसाठी २ टक्के, कलावंतांसाठी २ टक्के आणि आम्हा पत्रकारांसाठी अडीच टक्के घरं राखीव असतात. आमच्यापैकी कोणाला अजून कोणी पाकीटमार म्हटलेलं नाही. मार्च २०२२ मध्ये गोरेगावात तीनशे आमदारांसाठी घरांची घोषणा झाली तेव्हा लोक भडकले, मग फुकट नाही, पैसे घेणार असा खुलासा आला. गिरणी कामगारांनी मात्र १९८२ च्या संपानंतर तीस वर्षं वाट पाहिली, लाखाहून अधिक अर्ज केले, आणि २०१२ च्या सोडतीत ६९२५ घरं निघाली. तीही विकत.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत, मालकी हक्काने, एक पैसाही न देता. मला त्याचा मनापासून आनंद झाला. वर्तमानपत्रांनीही आनंद मानला, पेढे वाटतानाचे फोटो छापले. इथे घर फुकट मिळालं याचा कोणाला राग आला नाही, कारण ही माणसं आपली वाटतात, त्यांच्याकडे भाडेपावती आहे आणि चाळीवर आपण नाटकं लिहिली आहेत. लायकी ठरवताना समाज कागद बघतो आणि कागद नसेल तर तोंड बघतो, असं माझं मत झालं आहे.

तुमच्या इमारतीशेजारी एसआरएची योजना लागली असेल तर परिशिष्ट-दोन सार्वजनिक असतं, कोणीही वाचू शकतं. ते एकदा वाचा. 'अपात्र'च्या पुढे जो शेरा असतो तो वाचा, आणि तुमच्याकडे १९९५ चं वीजबिल आहे का ते घरी जाऊन शोधा.