झायगोग्रामा प्रजातीचे वर्गीकरण व खाद्यवनस्पतींचा प्रश्न

पावसाळ्यात गाजरगवतावर जो मळकट पांढऱ्या पंखांचा, तपकिरी पट्ट्यांचा भुंगेरा दिसतो, तो या देशाचा मूळ रहिवासी नव्हे. झायगोग्रामा बायकलराटा या नावाने पॅलिस्टरने १९५३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुण्यातील गाजरगवताची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या नियंत्रणार्थ १९८३ मध्ये हा कीटक मेक्सिकोहून बंगळूर येथे आणून पुढील वर्षी मोकळा सोडण्यात आला.

झायगोग्रामा हे प्रजातिनाम शेव्रोलाने १८३६ मध्ये दिले. क्रायसोमेलिडी कुलाच्या क्रायसोमेलिनी उपकुलात, डोरिफोरिनी गटात तिचा समावेश होतो. तिच्या सुमारे शंभर जाती असून त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडांतील आहेत. नावाचा अर्थ ‘जोडलेल्या रेषा’ असा असला तरी रेषांवर विसंबणे धोक्याचे. बटाट्यावरील कुप्रसिद्ध भुंगेरा ज्या लेप्टिनोटार्सा प्रजातीतील आहे, तिच्यातही पट्टे आढळतात. खरी खूण पायाच्या टोकाशी आहे. झायगोग्रामात नख्या समांतर व बुडाशी जुळलेल्या असतात, तर लेप्टिनोटार्सात त्या सुट्या व फाकलेल्या असतात. एवढ्याशा लक्षणावर प्रजाती उभी करणे नवख्यास विचित्र वाटेल. परंतु पट्ट्यांपेक्षा ते अधिक भरवशाचे आहे. अर्थात पाय तुटलेला नमुना येथे फारसा उपयोगाचा नाही. कॅलिग्राफा या निकटच्या प्रजातीशी असलेली सीमा मात्र इतकी स्पष्ट नाही.

या वर्गीकरणाला व्यावहारिक महत्त्व आले ते सूर्यफुलामुळे. उत्तर अमेरिकेत सूर्यफुलाची हानी करणारा झायगोग्रामा एक्स्क्लमेशनिस हा बायकलराटाचा सगोत्र होय. झायगोग्रामा सुचुरॅलिस ही जाती रशियात १९७८ मध्ये अँब्रोशिया तणाविरुद्ध सोडण्यात आली होती. सूर्यफूल, अँब्रोशिया व गाजरगवत या तिन्ही वनस्पती एकाच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुलातील आहेत. त्यामुळे कर्नाटकात बायकलराटाचे प्रौढ भुंगेरे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले, तेव्हा मित्र म्हणून आणलेला कीटक शेतकऱ्याचा शत्रू ठरतो की काय, अशी शंका येणे स्वाभाविकच होते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निराळेच कारण पुढे आणले. गाजरगवताचे पराग वाऱ्याने सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्यांच्या ओढीने भुंगेरा ती पाने कुरतडतो. प्रजातीचे नाव पाहून सूर्यफुलाविषयी सावध होणे योग्यच होते. तथापि निर्णय नख्यांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष आहाराच्या प्रयोगांवरूनच करावा लागला.