घरातले विष आणि घरातलाच उतारा

श्रावणातली दुपार होती. कपाशीवर फवारणीचे दिवस. शेवगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरून चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आजी आमच्या अपघात विभागात धावत आली. मुलाच्या तोंडातून फेस येत होता, अंग घामाने निथळत होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरला एवढे पाहिले की पुढचे विचारावे लागत नाही. हे कीटकनाशक होते. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुतले, ॲट्रोपिन सुरू केले, रात्रभर परिचारिका त्याच्या उशाशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पोरगे उठून बसले आणि त्याने भाकरी मागितली.

आजी डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बाटली थंड पेयाची होती हो. लेकराला काय कळतंय?"

बाटली कुठे होती, असे मी विचारले. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी. चार सऱ्या राहिल्या होत्या, म्हणून उरलेले 'औषध' मुलाच्या वडिलांनी त्या बाटलीत काढून ठेवले होते.

तेव्हापासून खोकल्याचा रुग्ण येवो की रक्तदाबाचा, मी घराची चौकशी करतो. फवारणीचे डबे कुठे ठेवता? धान्याला काय लावता? डासांसाठी रात्री काय जाळता? रुग्णांना सुरुवातीला हसू येते. पण निम्म्या आजारांची वाट या प्रश्नांतूनच सापडते, असा माझा अनुभव आहे.

'औषध' हा शब्दच घात करतो

आपल्या बोलीत पिकावर 'औषध मारतात', ढेकणांना 'औषध टाकतात' आणि तापालाही 'औषध' घेतात. एकच शब्द, त्यामुळे मनातली भीती निघून जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते विष कोणी प्यायले नव्हते. त्वचेतून आणि श्वासातून ते शरीरात गेले होते.

म्हणूनच फवारणी करून आलेल्या माणसाने घरात शिरण्याआधी बाहेरच अंघोळ करावी. त्याचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे. मूळ डबा बदलला की हा त्रिकोण जातो आणि डॉक्टरला उपचाराची दिशा दाखवणारे नावही जाते. उरलेले कीटकनाशक मूळ डब्यातच, कुलुपात, राहत्या घराबाहेर ठेवावे. रिकामा डबा धुऊन त्यात पाणी, तेल किंवा धान्य भरू नये.

कणगीतली गोळी

सुगीनंतर धान्य साठवण्याची वेळ आली की माझी काळजी वाढते. धान्यात टाकायच्या ज्या गोळ्यांना लोक सर्रास 'सल्फास' म्हणतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. दाराच्या फटीतून तो शेजारच्या खोलीतही जातो. लक्षणे उलटी, पोटदुखी, छातीत घुसमट अशी असतात. घरच्यांना वाटते, काहीतरी खाण्यात आले. त्यात वेळ जातो आणि या विषावर उतारा देणारे औषध अजून तरी वैद्यकशास्त्राकडे नाही. या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरण्यासाठी आहेत. राहत्या घरात, विशेषतः लेकरे झोपतात त्या खोलीत, त्यांना जागा नाही.

मग किडे कसे रोखायचे? आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. एप्रिल-मेच्या उन्हात धान्य दोन-तीन दिवस कडकडीत वाळवायचे. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. कीड लागते ती ओलाव्यामुळे. वाळलेले धान्य पूर्ण थंड करून घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. सोबत कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालावा. डाळींना एरंडेलाचा हात लावावा. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत अनेक घरांत आहे, ती मात्र सोडावी. बोरिक ॲसिड पोटात गेल्यास घातक असते आणि धुताना ते पूर्ण निघालेच असे सांगता येत नाही.

डास मारताना आपण काय ओढतो?

रात्री दारे-खिडक्या लावून डासांची अगरबत्ती पेटवणारी घरे आपल्या जिल्ह्यात असंख्य आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात. ज्या बापाने आयुष्यात विडी ओढली नाही, त्याच्या मुलाला दर हिवाळ्यात दम का लागतो, याचे उत्तर कधी कधी पलंगाखाली जळत असलेल्या या चक्रात असते.

पण डास चावू द्यावेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. डेंगीचा रुग्ण गंभीर झालेला ज्याने पाहिला आहे, तो असे म्हणूच शकत नाही. डासांना रोखायची जागा चुकते आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. डेंगीचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायचा. रांजण, पिंप, कूलर, फ्रिजमागची ताटली, कुंडीखालची बशी असे सारे रिकामे करून, आतून घासून, वाळवायचे. चिकटलेली अंडी घासल्याशिवाय निघत नाहीत. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. खिडकीला जाळी, झोपताना मच्छरदाणी. यात धूर नाही.

दुष्काळी तालुक्यांत आठ-दहा दिवसांनी टँकर येतो, तिथे पिंप उपसा म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. अशा घरांनी पिंपाला सुती कापड घट्ट बांधावे. डास आत शिरला नाही तर अंडीही नाहीत.

जामखेड आणि कोंभाळणे

ही शिकवण आपल्या जिल्ह्याला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातल्या निरक्षर, बहुधा दलित आणि गरीब घरांतल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या कामासाठी १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बहुतेक आजार दवाखान्यात नव्हे, घरात आणि अंगणात रोखता येतात, हा त्या कामाचा गाभा. सांडपाण्यासाठी शोषखड्डा, घराजवळ भाजीचा वाफा, जुलाब झाला की मीठ-साखरेचे पाणी. शोषखड्ड्याने गटार थांबते, गटार थांबले की त्यातले डास थांबतात, डास थांबले की धुराची अगरबत्ती लागत नाही.

दुसरे नाव अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी घरातली लहान मुले वारंवार आजारी पडतात, याचा संबंध बाहेरच्या फवारलेल्या अन्नाशी जोडला आणि वाल, घेवडा, भात, पालेभाज्या यांचे गावठी वाण जपायला सुरुवात केली. बायफ संस्थेच्या मदतीने बियाण्यांची बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डॉक्टर म्हणून मी एवढेच म्हणेन की एखाद्या मुलाचा आजार कशामुळे झाला, हे असे ठामपणे सांगता येत नाही. पण परसात दहा-बारा वेल आणि वाफे असले, अळी हाताने वेचता येत असली, तर त्या भाजीवर कीटकनाशक मारण्याची गरजच उरत नाही. शिवाय ताटात रोज हिरवे काही पडते. रक्तक्षय असलेल्या आमच्या गरोदर भगिनींसाठी गोळ्यांच्या जोडीला हा मोठाच आधार आहे.

विकतची भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग केला, तेव्हा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशके निघून गेली. सालीच्या आत मुरलेला भाग मात्र पूर्ण निघाला नाही. धुण्याचा फायदा आहे, आणि त्याला मर्यादाही आहे.

दिवाळीची साफसफाई

दर दिवाळीआधी खोकून बेजार झालेल्या एक-दोन गृहिणी येतातच. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, त्यामुळे फरशीवर पांढरे थर. ते निघावेत म्हणून ॲसिड टाकले, चमक यावी म्हणून वर ब्लीचिंग पावडर. या दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. तो फुप्फुसे भाजतो. नियम साधा आहे: सफाईची दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नका, आणि मोरीचे दार उघडे ठेवा. पांढऱ्या थरावर लिंबू किंवा व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवले आणि ब्रशने घासले तरी बरेच काम होते. तांब्या-पितळेला चिंच आहेच. रोजच्या फरशीला साबणाचे पाणी पुरते. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, हा आपला गैरसमज आहे.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. जन्मतःच जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाला त्या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवावेत.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

आता दुसरी बाजू. 'केमिकल नको' म्हणता म्हणता काही घरे दुसऱ्या टोकाला जातात. कापूर देवघरात शोभतो, पण लहान मुलाने गिळला तर काही मिनिटांत आकडी येऊ शकते. निलगिरीच्या तेलाचेही तेच. बाळाच्या नाळेला शेण, राख किंवा हळद लावू नये, ती कोरडी ठेवावी. शेणातून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक-धुरी देण्याची रीत अजून अनेक ठिकाणी आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आई आणि बाळ दोघेही झोपेतच जाऊ शकतात. ऊब हवी असेल तर बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ठेवा. त्याहून चांगली शेगडी नाही.

उलट, काही रसायने घरात हवीतच. विहिरीच्या पाण्यात योग्य प्रमाणात टाकलेले क्लोरीन, लसीची कुपी, जुलाबातले ओआरएस यांनी जितकी मुले वाचवली, तितकी आम्ही डॉक्टरांनी वाचवली नसतील. वस्तू कारखान्यातून आली की झाडावरून, हा खरा प्रश्न नाही. किती, कुठे आणि कोणाच्या हाताला लागेल, हे पाहायचे.

आणि तरीही प्रसंग ओढवलाच तर? अंगावर कीटकनाशक सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा. रॉकेल, ॲसिड किंवा कीटकनाशक पोटात गेले असेल तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात उतरते. डबा किंवा वेष्टन सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

त्या मुलाची आजी पंधरा दिवसांनी तपासणीला आली. मुलगा तिचा पदर ओढत होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, औषध आता कुठं ठेवता?"

"गोठ्यात, वरच्या फळीवर, पेटीत. किल्ली माझ्या कमरेला," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आन् साहेब, त्याला औषध म्हणायचं सोडलं आम्ही. आता इखच म्हणतो. लेकराला पण तेच शिकवलंय."

आजच संध्याकाळी आपापल्या घरातला कोनाडा, फळी, पलंगाखालची जागा एकदा पाहून घ्या. जे विष आहे, त्याला विष म्हणा. आणि त्याची जागा बदला.