अवकाशात मूळ कुठे वळते?

बी कसेही पडले तरी त्याचा कोंब वर येतो आणि मूळ खालीच जाते. मुळाला खालची बाजू कळते ती टोकाशी. तिथल्या मूलटोपीच्या मधल्या पेशींत पिष्टाने भरलेले जड कण असतात. रोप आडवे झाले, की काही मिनिटांतच हे कण पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात. मग ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या अंगाला जास्त साचते आणि तिथल्या पेशींचे लांबणे मंदावते. वरच्या अंगाच्या पेशी लांबत राहतात, त्यामुळे मूळ खाली वळते. यालाच गुरुत्वानुवर्तन म्हणतात.

सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही पृथ्वीचे गुरुत्व असते. पण स्थानक आणि त्यातल्या सगळ्या वस्तू एकत्रच पृथ्वीकडे पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. अशा सूक्ष्म गुरुत्वात पिष्टकण तळाशी न बसता पेशीत विखुरतात आणि मुळाची मुख्य खूण हरवते.

अशा वेळी प्रकाश उपयोगी पडतो. फ्लोरिडा विद्यापीठाच्या ॲना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल यांच्या गटाने मोहरीच्या कुळातली अरॅबिडॉप्सिसची रोपे स्थानकात वाढवली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुळे प्रकाशापासून दूर, कोंबाच्या उलट दिशेने वाढलेली दिसली. मुळांचे नागमोडी आणि तिरपे वाढणे गुरुत्वामुळेच होते असा समज होता. पण तेही तिथे दिसले. मुळांची लांबी मात्र जमिनीवरच्या रोपांपेक्षा कमी भरली.

बदल पेशींच्या आतही होतात. मुळाच्या टोकामागे विभाजी ऊती असते. एरवी तिथली पेशी आधी वाढते, प्रथिने साठवते आणि मग विभागते. अवकाशात उगवलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या रोपांत हा मेळ बिघडलेला आढळला: विभाजन वाढले, पण प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमची निर्मिती मंदावली. पेशीभित्ती घडवणाऱ्या आणि ताणाला तोंड देणाऱ्या अनेक जनुकांचे कामही बदलते.

भोवतालचे पाणी आणि हवा यांचाही त्रास असतो. पाणी खाली निचरत नाही, मुळांना चिकटून राहते. गरम हवा वर जात नाही, त्यामुळे हवा आपोआप खेळत नाही आणि मुळांना ऑक्सिजन कमी पडू शकतो. म्हणून अवकाशातल्या वाफ्यात दिव्यांची जागा, मोजके पाणी आणि पंखे यांची आखणी आधीच करावी लागते. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० यानातून चवळीच्या ८ बिया पाठवल्या, त्याही तापमान राखणाऱ्या बंद पेटीत. चार दिवसांत त्या रुजल्या.