स्टेनलेस स्टीलचे फॅब्रिकेशन : नव्या कारागिरासाठी आणि त्याच्या ग्राहकासाठी

तालुक्याच्या गावी लोखंडी दारे, खिडक्या आणि ट्रॉल्या तयार करणारी वेल्डिंगची दुकाने आता नवलाची राहिलेली नाहीत. अलीकडे याच दुकानांकडे निराळी मागणी येऊ लागली आहे. उपाहारगृहाला स्वयंपाकाचा ओटा हवा असतो, दूध संकलन केंद्राला टाकी, प्राथमिक आरोग्य केंद्राला औषधांची ट्रॉली, तर ग्रामपंचायतीला इमारतीच्या जिन्याचा कठडा. हे सारे स्टेनलेस स्टीलचे हवे असते. ज्याला लोखंड जोडता येते त्याला स्टेनलेस स्टीलही जोडता येईल, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही, आणि या समजापायी नव्या कारागिराचे पहिलेच काम ग्राहकाकडून परत येते.

ज्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते त्याला स्टेनलेस स्टील म्हणतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये तोफा-बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना असे पोलाद तयार केले. या धातूतील क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा अत्यंत पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हा थर पुन्हा भरून येतो. मात्र त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ असावा लागतो. साध्या लोखंडावर वापरलेले ग्राइंडरचे चाक किंवा तारेचा ब्रश स्टेनलेस स्टीलवर फिरवला, तर लोखंडाचे कण त्यावर रुततात आणि चार-आठ दिवसांत तांबूस ठिपके उमटतात. ग्राहक म्हणतो, माल खोटा. कारागीर म्हणतो, पत्रा तर अस्सल होता. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात! म्हणून जागा कितीही लहान असली तरी स्टेनलेस स्टीलचे काम लोखंडाच्या कामापासून दूर आणि वेगळ्या हत्यारांनीच केले पाहिजे.

दुसरी अडचण उष्णतेची. साध्या पोलादाच्या तुलनेत नेहमीच्या वापरातील स्टेनलेस स्टील उष्णता सुमारे एकतृतीयांश वेगानेच वाहून नेते आणि तापल्यावर जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. त्यामुळे वेल्डिंगची आच एकाच जागी कोंडते आणि पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. यावर उपाय म्हणजे जवळजवळ टाके मारून सांधा आधी पक्का करणे, विजेचा प्रवाह बेताचा ठेवणे आणि एका दमात लांब सांधा न ओढणे. पातळ कामासाठी टिग वेल्डिंग वापरतात. कारागीर त्याला ‘आर्गन’ म्हणूनच ओळखतात. सांध्याशेजारी राहिलेला निळसर-काळपट पट्टा म्हणजे बिघडलेला संरक्षक थर होय. तो आम्लाच्या लेपाने किंवा घासून काढावाच लागतो. जाड पत्रा दीर्घकाळ तापत राहिला तर सांध्याजवळील क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि पुढे तेथेच गंज धरतो. हे टाळण्यासाठी कार्बनचे प्रमाण ०.०३ टक्क्यांपर्यंत मर्यादित असलेली ३०४-एल ही प्रत घेतात.

या धंद्यातील धोक्यांविषयी दुकानांतून फारसे बोलले जात नाही. वेल्डिंगच्या धुरात क्रोमियमची विषारी संयुगे असतात. सांधा साफ करण्याच्या लेपात बहुधा हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते कातडीखाली उतरून हाडापर्यंत इजा करते. आर्गन वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो आणि आत उतरलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. टाकीत काम चालू असताना खेळती हवा हवी आणि बाहेर दुसरा माणूस उभा हवाच.

नवा कारागीर पैसा गमावतो तो बहुतेक वेळा हिशेबात. आठ फूट बाय चार फूट आकाराचा १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा सुमारे २८ किलो भरतो. त्यातून २२ किलोचे टेबल निघाले आणि किंमत २२ किलोचीच लावली, तर उरलेल्या सहा किलोंचा भार कारागिरावर पडतो. ते तुकडे दुसऱ्या कामी लागले नाहीत तर भंगाराच्या भावाने जातात. आर्गन, घासण्याची चाके, पॉलिश आणि वाहतूक हे खर्चही अंदाजपत्रकात क्वचितच धरले जातात. पॉलिशला वेल्डिंगहून अधिक वेळ लागतो, हे पहिल्या कामातच उमगते.

शिक्षणासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यानंतर एखाद्या चालत्या कारखान्यात काही काळ काढणे श्रेयस्कर. भांडवलासाठी २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला, तर महाराष्ट्रात २०१९ मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम. केंद्राच्या कार्यक्रमात २०२२ मध्ये उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. त्यावेळच्या नियमांनुसार ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गास २५ टक्के आणि विशेष प्रवर्गास ३५ टक्के अनुदान ठरले. मात्र हे अनुदान हातात रोख पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेवीच्या रूपात राहते. म्हणून पत्र्याची खरेदी आणि बिलाची वसुली यांमधील महिने निभावतील एवढी रक्कम आधीच हाताशी हवी.

आता ग्राहकाविषयी, कारण ग्रामीण भागात मोठा ग्राहक पुष्कळदा ग्रामपंचायत, शाळा किंवा शासकीय कार्यालय हाच असतो. निविदेत नुसते ‘स्टेनलेस स्टीलचा कठडा’ असे लिहिले जाते. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये महागड्या निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो, म्हणून ती स्वस्त पडते आणि गंजाला लवकर बळी पडते. दोन्ही दिसायला सारख्याच. लोहचुंबक दोहोंनाही सहसा चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा येथे निरुपयोगी ठरते. प्रत लिहिलेली नसली की २०२ लावणाऱ्याची निविदा सर्वांत कमी दराची ठरते आणि ३०४ चा भाव धरणारा होतकरू कारागीर बाहेर राहतो; नियम मात्र कोणताच मोडलेला नसतो. कोकण किनाऱ्यावर तर खाऱ्या वाऱ्यामुळे ३०४ वरही डाग पडतात. तेथे दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही प्रत सुचवणे योग्य.

निविदेत प्रत, जाडी मिलिमीटरमध्ये, भारतीय मानक (पत्र्यासाठी आयएस ६९११) आणि पॉलिशचा प्रकार, एवढे चार तपशील घातले तरी पुष्कळ फरक पडतो. माल ताब्यात घेताना पोलाद कारखान्याचे तपासणी प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील क्रमांक पत्र्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. हे पत्र्याचे कटिंग होण्यापूर्वीच करावे लागते. कठडा उभा राहिल्यावर तो क्रमांक पॉलिशखाली गेलेला असतो.