संपाच्या वर्षातले रातांबे

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मालवणकडची मनिऑर्डरवर चालणारी घरं होरपळली. आमचंही. बाबा गावी परतले तसं आईने त्यांना रातांबे फोडायला बसवलं. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. आगळ बाटल्यांत, बियांचं कोकमतेल टाचांच्या भेगांना. जेवायला कुळथाची पिठी. देवळातला नारळ मात्र तिने चुकवला नाही. ‘देवाक उधारी चालना नाय,’ म्हणायची. दुकानदाराला चालत होती. तीही तिने पावसाआधी सोलं विकून फेडली.