उपवास, पारणे आणि वजनकाटा

उपवासाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा थोडा असतो. बरेचसे वजन पाण्याचे, साठवलेल्या साखरेचे (ग्लायकोजेनचे) आणि आतड्यांतल्या अन्नाचे असते. यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या चौपट ग्लायकोजेन असते. दर ग्रॅमला साधारण 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. अन्न थांबले की हा साठा वापरला जातो आणि पाणी सुटते. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे मीठ व पाणी जास्त बाहेर टाकतात.

एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. रोज 2,000 कॅलरी लागणाऱ्या माणसाने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तरी पाव किलोहून फारशी जास्त चरबी जळत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात अंगारकीला गणपतीपुळ्यात रांगा लागतात आणि घरोघरी चंद्रोदयानंतर मोदकांवर उपवास सुटतो. आषाढीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळी असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले की ताटातल्या कॅलरी रोजच्या जेवणापेक्षा वाढू शकतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. रमजानच्या रोज्यात दिवसा पाणीही वर्ज्य असते. कोकणच्या दमट हवेत घामाने गेलेले वजन इफ्तारनंतर पाणी पिताच बरेचसे परत येते.

पारण्याला भात, गोड, लोणचे, पापड पोटात गेले की इन्सुलिन वाढते, ग्लायकोजेन पुन्हा भरते आणि मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात. एक-दोन दिवसांत काटा किलोभर वर जाऊ शकतो. ही चरबी नव्हे. उपवासाची लांबी, जेवणातले मीठ, मूळचे वजन, श्रम, मासिक पाळी आणि औषधे यांनुसार हा फरक कमी-जास्त होतो.

दीर्घ उपासमारीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये एका प्रयोगात 36 तरुणांनी 24 आठवडे अर्धपोटी राहून सुमारे चतुर्थांश वजन गमावले. त्यांच्या पायांना सूज आली, म्हणजे वजनातली खरी घट काही प्रमाणात पाण्यामुळे झाकली गेली. पुन्हा जेवू लागल्यावर चरबी आधी भरली, स्नायू मागे राहिले. अनेक दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपेट खाल्ल्यास रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरून जिवावर बेतू शकते. अशा वेळी सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थोड्या अन्नाने करावी.

वजन पाहायचेच तर सकाळी, शौचानंतर, एकाच काट्यावर आणि आठवड्याच्या सरासरीने पाहावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे.