पहिले पुस्तक निवडताना

जामबागेतील विवेक वर्धिनीपासून कोठीवरील जुन्या पुस्तकांची दुकाने फार दूर नाहीत. मुलाला संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहिण्यास शिकावयाचे असले की पालकांची पावले आपोआप तिकडे वळतात. मग 'सी' भाषेचे कोणते पुस्तक घ्यावे, असा प्रश्न आमच्याकडे येतो.

कर्निघन आणि रिची यांचा ग्रंथ प्रथम १९७८ साली निघाला. १९८८ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. रिची हे तर या भाषेचे जनकच. ग्रंथ आटोपशीर आहे, म्हणून तो सोपा असेल असे वाटते. परंतु ज्याने कधीच आज्ञावली लिहिलेली नाही अशा नवशिक्यासाठी तो नाही, याची कल्पना लेखकद्वयाने प्रस्तावनेतच दिली आहे. प्रस्तावना वाचतो कोण! नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' मात्र नवशिक्याला समोर बसवून बोलते. आमचे मत त्याच्या बाजूने आहे.

तथापि नावापेक्षा आवृत्ती अधिक महत्त्वाची. आमच्या परिचितांच्या कन्येने एक जुने पुस्तक अल्प किमतीत आणले. त्यातील पहिलीच आज्ञावली तिच्या संगणकाने नाकारली. दोन दिवस तिने अक्षर अन् अक्षर पडताळून पाहिले आणि आपल्याला हा विषय झेपणार नाही, असे घरी सांगून टाकले. आम्ही पाहिले, तर पुस्तक 'टर्बो सी'च्या काळातले. 'कोनिओ' आणि 'क्लिअरस्क्रीन' यांच्या ज्या ओळी त्यात होत्या, त्या तिच्याकडील 'जीसीसी' या कंपायलरला ठाऊकच नव्हत्या. त्या वगळताच आज्ञावली चालली. पुढे वीस हजारांत वीस हजार मिळविले असता उणे २५,५३६ येतात, असे पुस्तक सांगे. कारण त्या काळी पूर्णांकास दोनच बाइट मिळत व ३२,७६७ च्या पुढे त्याची मजल जात नसे. आता चार मिळतात, त्यामुळे तिला सरळ चाळीस हजार आले. पुस्तकच चुकते म्हणून ती हसली!

तेव्हा दुकानातच आवृत्तीचे वर्ष पाहावे आणि पुस्तक कोणता कंपायलर गृहीत धरते ते विचारावे. प्रकरणाअखेर स्वतः लिहावयाची उदाहरणे आहेत की नुसते पाठांतराचे प्रश्न, हेही चाळून घ्यावे. त्या कन्येने नवी आवृत्ती आणली आहे. जुने पुस्तकही तिने टाकलेले नाही.